हयात पेटीकाकांच्या स्मरणार्थ

१

दान हा मानवजातीचा सर्वांत उदात्त उद्योग आहे. परक्यासाठी माणूस स्वतःच्या खिशात हात घालतो, त्या क्षणी तो माणूसपणाच्या शिखरावर उभा असतो. असं मी रुग्णसाहित्य केंद्राच्या तातडीच्या सभेत म्हणालो, टाळ्या पडल्या, आणि मी शिखरावरूनच खिशात हात घातला. पाकीट घरी राहिलं होतं. मी खाली बसलो.

बसलो तो चाकाच्या खुर्चीत. केंद्रात दुसऱ्या खुर्च्या नाहीत. केंद्र म्हणजे एक लांबोळका हॉल. त्यात चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या आणि डोक्याकडून वर होणाऱ्या खाटा. कोणाच्या घरी आजारपण आलं की लोक लागेल ते इथून उसनं नेतात आणि माणूस हिंडूफिरू लागला की परत आणून देतात. समितीच्या सभाही याच सामानावर भरतात. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, फक्त हे त्यांना अजून कोणी पटवून दिलेलं नाही. त्या खाटेच्या कडेला ताठ बसतात. शेजारच्या खाटेवर खजिनदार असतात. विषय लांबला की ते सावकाश आडवे होतात.

त्या दिवशी मात्र खजिनदारही उठून बसले होते. हॉलचा मालक हॉल विकत होता. महिनाअखेरपर्यंत रक्कम भरली तर हॉल केंद्राचा. नाही भरली तर खाटा रस्त्यावर, आणि त्या खाटांची वाट बघणारी माणसं आपापल्या घरी जमिनीवर.

त्यासाठी ऑनलाइन मोहीम सुरू केली होती. देणग्यांच्या एका संकेतस्थळावर केंद्राचं पान होतं. पानावर एक हिरवी पट्टी होती आणि पैसे येतील तशी ती उजवीकडे सरकायची होती. ती सरकत नव्हती. चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी डाव्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

"लोक म्हणतात, पेटीकाका आले की देऊ," मोहीमवाला म्हणाला. हा आम्ही नेमलेला तरुण. संस्थांना ऑनलाइन देणग्या मिळवून देणं हा त्याचा व्यवसाय. "मी सांगतो, पान उघडा, बोट लावा, दोन मिनिटांत देणगी. तर म्हणतात, पण काका कुठायत?"

काका कोपऱ्यात हवेच्या गादीवर बसले होते. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी केंद्राची पत्र्याची पेटी घेऊन दारोदार फिरलेला माणूस. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून याच महिन्यात आम्ही त्यांना निवृत्त केलं होतं. पेटी बंद, पान सुरू.

"काका," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणखी एक वर्ष फिराल का?"

काकांनी जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. "तुम्ही म्हणताय तर फिरतो," ते म्हणाले. "उद्यापासून निघतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहीमवाल्याचा मला फोन आला. आवाज दबलेला होता.

"पेटीकाका गेले."

"कुठे?"

"अहो, म्हणजे गेले!"

२

मी तसाच हॉलवर धावलो. दार उघडून पाहतो तर पेटीकाका खाटेवर मांडी घालून बसले होते आणि मोहीमवाल्याच्या फोनवर स्वतःला आलेले शोकसंदेश वाचत होते. हातात बिस्कीट होतं.

"हे ऐका," ते म्हणाले. "'त्यांच्यासारखा देवमाणूस पुन्हा होणे नाही.' हा कोपऱ्यावरचा चष्मेवाला. माझ्या चष्म्याची काडी बदलायला सहा महिने लावले याने."

"काका, तुम्ही..."

"बरा आहे. गुडघे तेवढे दुखतात."

घडलं होतं ते असं. संकेतस्थळावर एक सोय आहे. कोणालाही आपल्या गेलेल्या माणसाचं स्मरणपान उघडता येतं. एक फोटो लावायचा, चार ओळी लिहायच्या, सुरुवातीची देणगी स्वतः द्यायची, की पान तयार. मग लोक त्या माणसाच्या नावाने केंद्राला देतात. आदल्या दिवशी दुपारी 'एक हितचिंतक' या नावाने कोणीतरी पेटीकाकांचं स्मरणपान उघडलं होतं. फोटोत काका आरामखुर्चीत रेलले होते, अनवाणी पाय स्टुलावर, डोळे अर्धवट मिटलेले. खाली मजकूर होता:

'पेटीकाका गेले. त्यांना काही त्रास झाला नाही. कोणीही भेटायला येऊ नये. फोन करू नये. विशेषतः संध्याकाळी घरी गर्दी करू नये. हारफुलं नकोत. काही द्यायचंच असेल तर केंद्राला द्यावं.'

आणि लोकांनी दिलं होतं. जे काकांची वाट बघत थांबले होते, त्यांची वाट बघणंच संपलं होतं. हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला होता. एकाने तर दरमहा खात्यातून आपोआप कापली जाईल अशी देणगी लावली होती. म्हणजे काकांच्या निधनाचं दुःख त्याला यापुढे दर पाच तारखेला बँकेकडून परस्पर होणार होतं. हिरवी पट्टी एका रात्रीत उजव्या टोकाला जाऊन टेकली होती.

"हॉल वाचला!" खजिनदार म्हणाले. मग काकांकडे बघून म्हणाले, "म्हणजे, वाईटच झालं."

तेवढ्यात संकेतस्थळाच्या कचेरीतून फोन आला. मधाळ आवाजाची एक बाई होती.

"तुमचे दिवंगत गृहस्थ काल संध्याकाळी पेटी घेऊन फिरत होते, अशी आमच्याकडे तक्रार आहे."

"फिरत होते खरे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग हे पान उघडलं कोणी?"

"ते तुम्हाला माहीत असेल ना?"

"आम्हाला माहीत आहे, पण गोपनीयतेमुळे सांगता येत नाही. तुम्हाला माहीत नाही, पण तुम्हीच सांगायला हवं. ज्यांनी पान उघडलं त्यांनी शनिवारपर्यंत स्वतः पुढे येऊन खरं काय ते लिहावं. नाहीतर सगळ्या देणग्या परत. केंद्राचं पानही बंद. धन्यवाद, आपला दिवस आनंदात जावो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि बघता बघता प्रत्येकाच्या लक्षात आलं की आपल्याकडेही कोणीतरी बघतंय.

"याला आता एकच उपाय," मी म्हणालो. "आक्का."

३

आक्का माझी थोरली बहीण. सगळी नोकरी तिने रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून केली. तिचं म्हणणं असं की ज्याच्याकडे तिकीट असतं तो घाबरून सगळे खिसे उलटे करतो, आणि ज्याच्याकडे नसतं तो खिडकीबाहेरच्या निसर्गात रमतो. निवृत्तीनंतर तिला तपासायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे ती लगेच आली.

पहिले खजिनदार. ऑनलाइन कारभाराचा त्यांना मनापासून तिटकारा.

"तुम्हाला हे पान बदनाम झालेलं हवं होतं," आक्काने सुरुवातच अशी केली. "मेलेला माणूस जिवंत निघाला की लोकांचा विश्वास उडणार आणि पेटी परत येणार. बरोबर?"

"अहो, पण मी..." खजिनदारांनी शर्टाचे, पँटचे, सगळे खिसे चाचपले. का, ते त्यांनाही माहीत नसावं. "मला ते फोटोबिटो चढवता येत नाहीत हो!"

हे खरं होतं. समितीच्या फोनवरच्या गटात त्यांनी आजवर टाकलेला एकही फोटो सरळ नाही. त्यांचा नातू आम्ही सगळे उलटा ओळखतो. स्मरणपानावरचे काका मात्र सुलटे होते.

मग मोहीमवाला.

"सभेत तू म्हणाला होतास म्हणे, की लोक आकड्याला देत नाहीत, चेहऱ्याला देतात," आक्का म्हणाली.

"सगळीकडे तेच चालतं, ताई. एक चेहरा, एक गोष्ट. पण मी म्हणालो चेहरा, तिरडी नाही म्हणालो."

"फोटो कोणी काढला?"

"मीच. मागच्या आठवड्यात, काकांच्या घरी. अध्यक्षबाईंनी नापास केला. म्हणाल्या, तळपाय दाखवून कोणी देणगी मागतं का."

"कोणाकोणाला पाठवला होतास?"

"समितीच्या गटावर टाकला. आणि काकांच्या घरी पाठवला. त्यांचा फोन फक्त वाजतो हो, त्यावर फोटो जात नाही."

"हं. आणि मोहिमेला यश आलं तर तुला बक्षिसी?"

मोहीमवाला खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर निसर्ग नव्हता. एक भिंत होती आणि तिच्यावर एक मांजर. आक्काने माझ्याकडे सूचक नजर टाकली.

"बक्षिसी नाही," शेवटी तो म्हणाला, "पण ते स्मरणपान फार कच्चं लिहिलंय. मी लिहिलं असतं तर याच्या तिप्पट आले असते. सकाळपासून तेच डोक्यात आहे, आणि माणूस जिवंत असताना असं बोलणं बरं दिसत नाही."

४

अध्यक्षबाईंची उलटतपासणी अवघड गेली, कारण प्रश्न त्याच विचारत होत्या. आक्काच्या एका प्रश्नाला त्यांनी दहापैकी सहा गुणही दिले. शेवटी दोघी एकमेकींवर खूश होऊन उठल्या आणि मी होतो तिथेच होतो.

राहिले स्वतः काका.

"स्वतःला किती हारतुरे मिळतात ते बघायची हौस अनेकांना असते," आक्का म्हणाली.

"असेल हो," काका खुशीत म्हणाले. "पण मला फोनवर हिरवं बटण आणि लाल बटण, एवढंच कळतं. आणि कालची संध्याकाळ विचारू नका. मला काय माहीत मी मेलोय ते? पहिल्या दारात त्या शिवणवाल्या बाई. मला बघितलं आणि दार लावून घेतलं. दुसरीकडे आजोबा होते, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, 'मला एवढ्यात नको.' तिसऱ्या दारी तर आतून आवाज आला, 'आम्ही ऑनलाइन दिलंय!' म्हटलं, आज काहीतरी वेगळंच आहे. गेलो घरी परत."

"लवकर परत गेलात?"

"लवकर म्हणजे? लग्नानंतर पहिल्यांदाच फेरीच्या दिवशी दिवेलागणीला घरी होतो. एरवी मी फेरी संपवून जातो तेव्हा हिचं जेवण उरकलेलं असतं, माझं ताट झाकलेलं. काल गेलो तर गरमागरम! दोन ताटं वाढलेली, वाफ निघतेय. असा जेवलो म्हणून सांगू! आता वाटतं, मरायला काही हरकत नाही."

आक्काने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. रेल्वेत असताना ती दंडाचं पावतीपुस्तक काढायच्या आधी असंच करायची.

"ऊठ," ती मला म्हणाली. "कोण ते कळलं."

"कोण? मोहीमवाला?"

"चल काकांच्या घरी. आणि वाटेत तोंड बंद ठेव."

५

काकांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. खिडकीशी आरामखुर्ची होती, पुढे स्टूल. काकूंनी आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. आमच्याबरोबर आलेले काका खुर्चीत रेलले आणि त्यांनी पाय वर घेतले. अगदी फोटोतल्यासारखे.

"त्या मजकुरावरून सगळे सुटतात," आक्का बोलायला लागली. "अध्यक्षबाईंनी लिहिला असता तर 'अपरिमित हानी' आली असती, आणि काकांपेक्षा केंद्र जास्त आलं असतं. मोहीमवाल्याने पहिल्या ओळीतच पैसे मागितले असते. इथे पैसे शेवटी आहेत, तेही 'द्यायचंच असेल तर'. म्हणजे लिहिणाऱ्याला पैशांशी घेणंदेणं नव्हतं."

"आणि मी?" मी विचारलं. संशयितांतून मला वगळलेलं मला जरा लागलं होतं.

"पान उघडायला आधी स्वतः द्यावे लागतात. तू पहिल्या फेरीतच सुटलास."

काकू हसल्या. आक्का नाही हसली.

"लिहिणाऱ्याला हवं काय होतं? कोणी येऊ नये. फोन करू नये. 'विशेषतः संध्याकाळी' घरी गर्दी नको. शोकाला संध्याकाळ वर्ज्य असते असं मी कुठे ऐकलेलं नाही. फोटो समितीकडे होता आणि या घरातल्या फोनवर होता. आणि काल, फेरीच्या दिवशी काका कधीच घरी नसतात अशा वेळी, या घरात दोन ताटं गरम वाढलेली होती. सगळी दारं लागणार आणि हे लवकर परत येणार, हे कोणाला तरी आधीच माहीत होतं." तिने आवाज खाली आणला. "काकू, तिकीट दाखवता का?"

काकूंनी खिसे चाचपले नाहीत, खिडकीबाहेरही बघितलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, "मीच मारलं यांना."

काकांचे पाय स्टुलावरून खाली आले.

"अगं!"

"मग काय करू? निवृत्त झाले म्हणून पहिल्यांदा हे स्टूल आणलं मी. चार दिवस पाय वर करून बसले नाहीत, तोवर सभेला गेले आणि आणखी एक वर्ष कबूल करून आले. रात्रभर गुडघ्याला शेक घ्यायचा आणि सकाळी म्हणायचं, त्यांनी एवढं म्हटलं ना! यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं, जिवंत माणसाला सगळे विचारतात. मेलेल्याला कोणी विचारत नाही. निदान संध्याकाळी घरी तरी असतील."

"पण मला सांगायचं होतंस," काका म्हणाले.

"किती वेळा सांगितलं. घरी असता तर ऐकलं असतं."

मी ग्लासातलं संपलेलं पाणी पुन्हा प्यायलो.

"आणि ते देणगीचं वाक्य?" आक्काने हळूच विचारलं.

"ते पान पुढेच जाईना. म्हणे, देणगीबद्दल काहीतरी लिहा. म्हणून लिहिलं." काकूंचा आवाज आता मऊ झाला. "लोक एवढं देतील हे मला काय माहीत? आता ते सगळं परत जाणार का हो? हॉल जाणार?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. अध्यक्षबाई होत्या, त्यांचा आवाज फोनबाहेरही पुरेसा येतो.

"काका! पैसे परत गेले तर तुम्हाला फिरावंच लागेल. उद्यापासून दोन वेळा निघता येईल का? सकाळी आणि संध्याकाळी?"

काकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं. काकांनी फोनकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. काही निघालं नाही. पुन्हा उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही जमणार, बाई."

आणि लाल बटण दाबलं. स्वतःच्याच धाडसाने त्यांना घाम फुटला होता.

६

त्याच दुपारी काकूंनी स्मरणपानावर खरं काय ते लिहिलं. मोहीमवाला मदत करायला बसला होता, पण काकूंनी त्याला एक शब्दही घालू दिला नाही.

'हे जिवंत आहेत. पान मी उघडलं. गुडघे दुखत असताना यांना पुन्हा फिरायला लावणार होते म्हणून मी असं केलं. चूक माझी आहे, केंद्राची नाही. तुम्ही पैसे हे गेले म्हणून दिलेत, ते परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागा. राग धरू नका. केंद्राच्या खाटा मात्र खरोखर रस्त्यावर येणार आहेत.'

संकेतस्थळाने प्रत्येक देणगीदाराला तो मजकूर पाठवला आणि खाली दोन चौकटी दिल्या: 'परत हवेत', 'राहू द्या'. मग आम्ही सगळे हॉलमध्ये हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. खजिनदार आडवे झाले नाहीत. पट्टी थोडी मागे आली. आणखी थोडी मागे आली. अध्यक्षबाईंनी आक्काचा हात धरला.

मग पट्टी थांबली आणि उत्तरं यायला लागली.

'राहू द्या. कधीतरी लागतीलच.'

'काकांना उदंड आयुष्य लाभो. आमची देणगी आगाऊ समजावी.'

'माझेही गुडघे दुखतात. आमच्या घरच्यांना हा मजकूर पाठवला आहे.' याने आधी दिले होते त्याहून जास्त दिले.

चष्मेवाल्याने लिहिलं: 'देवमाणूस हा शब्द मागे घेत आहे. पैसे राहू द्या.'

दरमहावाल्याने दरमहाची सोय तशीच ठेवली, फक्त कारण बदललं. आता दर पाच तारखेला त्याला काका जिवंत असल्याचा आनंद होणार आहे.

पट्टी पुन्हा सरकली, उजव्या टोकाला टेकली आणि तिथेच राहिली. संकेतस्थळाच्या मधाळ बाईंनी पैसे सोडले, खजिनदारांनी ते मालकाला भरले आणि हॉल केंद्राचा झाला. मोहीमवाला हल्ली दुसऱ्या संस्थांना व्याख्यानं देतो. विषय: 'खरं बोलून देणग्या कशा वाढवाव्यात'. हा अगदी नवा मार्ग आहे असं त्याचं म्हणणं आहे. आक्काला समितीवर घेतलंय. ती सभेत सगळ्यांकडे आळीपाळीने बघते, त्यामुळे सभा लवकर संपतात.

महिन्याभराने काकू हॉलवर आल्या. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. अध्यक्षबाईंनी त्यांना नव्या खाटेच्या कडेला बसवलं आणि घसा साफ करून म्हणाल्या, "काकू, आज हे केंद्र उभं आहे ते केवळ तुमच्यामुळे. तुमचं हे ऋण..."

"ते राहू दे हो," काकू म्हणाल्या. "मी आपली एक वस्तू मागायला आले होते."

"मागा. केंद्र तुमचंच आहे. काका कसे आहेत?"

"छान आहेत. पाय वर करून बसतात, वेळेवर जेवतात. सगळी संध्याकाळ घरी असतात." काकू जरा थांबल्या. "इतक्या वर्षांत कुठल्या दारात कोण काय बोललं, ते सगळं सांगतात. दारागणिक. अजून पहिलीच गल्ली चाललीय."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या चाकाच्या खुर्चीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"तुमच्याकडे कानात घालायचे बोळे उसने मिळतात का हो? रोज नकोत, एक दिवसाआड चालतील."